डिप्लोमा परीक्षेसाठी रोमँटिक काळातील मोठी रचना कोणती निवडावी?

फुटाळाकाठ
(२६ एप्रिल)

नमस्कार. येत्या नोव्हेंबरमध्ये मी पियानोची एलटीसीएल (ट्रिनिटी कॉलेज लंडनची डिप्लोमा) परीक्षा देणार आहे. दिवसभर नोकरी असल्यामुळे रोजचा रियाज पहाटे एक तास आणि रात्री दीड तास एवढाच होतो. कार्यक्रम साधारण चाळीस मिनिटांचा बसवायचा असून त्यातील तीन रचना ठरल्या आहेत: बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हिअर’च्या पहिल्या भागातील जी मायनर प्रेल्यूड आणि फ्यूग, हायडनचा ई फ्लॅट मेजरमधला १७९४ सालचा मोठा सोनाटा, आणि देब्युसीच्या ‘एस्ताम्प’मधील पावसातल्या बागांचे शेवटचे चित्र. आता दहा ते बारा मिनिटांची एकच मोठी रोमँटिक रचना ठरायची आहे, आणि गेले सहा आठवडे मी या एका निर्णयापाशी थांबले आहे.

माझ्या बाईंनी चार पर्याय समोर ठेवले आहेत. शोपाँचे जी मायनर बॅलाड (ओपस, म्हणजे रचना-क्रमांक, २३), मेंडेल्सनचे ‘व्हेरिएशन्स सेरियूज’ (ओपस ५४), ब्राम्सच्या ओपस ११८ मधील तीन तुकडे आणि शूमानच्या ‘फँटसीश्टुके’ (ओपस १२) मधील निवडक तुकडे. निर्णय माझा मीच घ्यावा, असे त्यांचे म्हणणे आहे.

मनातले सांगायचे तर मला बॅलाड वाजवायचे आहे. मी चौदा वर्षांची असताना नागपुरातल्या सदरमध्ये बाईंच्या घरी ते कॅसेटवर पहिल्यांदा ऐकले, आणि त्या दिवशी घरी परतताना आपण पियानो सोडायचा नाही हे माझे ठरले. पण ज्या रचनेने आपल्याला या वाद्याकडे आणले तीच परीक्षेत न्यावी का, हे मला उमगत नाही. ज्यांनी अशी परीक्षा दिली आहे किंवा विद्यार्थी तयार केले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

शून्यमैल

दोन गोष्टी आधी सांगा. हाताचा आवाका किती आहे, आणि रियाज कोणत्या वाद्यावर होतो? या दोन उत्तरांशिवाय दिलेला सल्ला हवेत राहील.

फुटाळाकाठ

ऑक्टेव्ह, म्हणजे आठ पांढऱ्या पट्ट्या, सहज येतो. नऊ पांढऱ्या पट्ट्या पट्टीच्या कडेवरून कशाबशा येतात, दहा अजिबात येत नाहीत. घरी अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा डिजिटल पियानो आहे. दर शनिवारी सिव्हिल लाइन्समध्ये एका ठिकाणी ग्रँड पियानोवर दीड तास मिळतो.

सदरकर

मी चाळीस वर्षे शिकवतो आहे, तेव्हा थोडे विस्ताराने लिहितो.

परीक्षेसाठी रचना निवडताना ती सर्वांत सुंदर कुठे आहे हे पाहू नये, सर्वांत अवघड पान कोणते आहे ते पाहावे, आणि ते पान कार्यक्रमाच्या कितव्या मिनिटाला येते तेही पाहावे. जी मायनर बॅलाड २६४ मापांचे (बारचे) आहे. २०८व्या मापापासून ‘प्रेस्टो कॉन फुओको’ (जलद, आवेशाने) हा कोडा, म्हणजे समारोपाचा भाग, सुरू होतो. तोवर सव्वासहा-चारच्या डोलणाऱ्या तालात आठ मिनिटे गेलेली असतात, ए मेजरमधले मोठे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) वाजवून मनगट जड झालेले असते, आणि नेमके तिथे ताल बदलून दोनाचा होतो व डाव्या हाताला उड्या घ्याव्या लागतात. आपल्या कार्यक्रमात त्याआधी हायडनची सतरा-अठरा मिनिटे असतील, हेही धरा.

मी दोन विद्यार्थ्यांना हे बॅलाड परीक्षेसाठी दिले होते. पहिल्याने ते फार चांगले वाजवले. दुसरी मुलगी त्याच्याहून संगीत जास्त जाणणारी होती, पण तिने पहिली सात मिनिटे शेवटच्या पानाच्या चिंतेत वाजवली, आणि ती चिंता प्रत्येक वाक्यात ऐकू आली. कोडा तिचा बिघडला नाही. त्याआधीचे सगळे बिघडले. तिच्यासाठी ती निवड मी केली होती आणि ती चूक माझी होती.

म्हणून माझी कसोटी अशी आहे. ताप आहे, झोप झालेली नाही, वाद्य अनोळखी आहे, अशा दिवशी ते सर्वांत अवघड पान सुरुवात न करता थेट तिथून तीनदा वाजवून पाहा. तीनपैकी दोनदा ते उभे राहिले तर रचना घ्या.

महालवाला

सदरकर सरांच्या अनुभवाविषयी पूर्ण आदर राखून मी असहमती नोंदवतो. (आणि ताल सहा-चार आहे, घाईत ‘सव्वासहा’ लिहिले गेले असावे.)

कोडा सत्तावन्न मापांचा आहे. उरलेली दोनशेहून अधिक मापे काय मागतात, याकडे आपण दुर्लक्ष करतो. पहिल्या सात मापांत बहुतेक वेळ दोन्ही हात एकाच सुरावटीवर उघड्या ऑक्टेव्हमध्ये चालतात. ए फ्लॅट मेजरच्या स्वरांतून सुरू झालेले ते वाक्य मूळ स्वराचा पत्ताच लागू देत नाही, आणि मग आठव्या मापात गोष्ट सांगणारा माणूस हळूच बोलू लागतो. पुढे ई फ्लॅटमधली दुसरी धून अगदी दबक्या आवाजात येते, तीच पुढे ए मेजरमध्ये पूर्ण ताकदीने परतते. ही कथा सांगता येणे हा पियानो वाजवण्याचा गाभा आहे. डिप्लोमाच्या पातळीवर परीक्षक बोटांची कवायत मोजायला बसलेला नसतो.

शिवाय सात महिने, रोज अडीच तास. ज्या रचनेवर प्रेम नाही तिच्यासोबत पहाटे पाच वाजता कोण बसेल? माझ्या मते ताईंनी बॅलाडच घ्यावे आणि उद्यापासून कोडा अर्ध्या लयीत मेट्रोनोमवर सुरू करावा.

सदरकर

सहा-चार हेच बरोबर; दुरुस्तीबद्दल आभारी आहे. प्रेमाचा मुद्दा मला मान्य आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की प्रेम असलेली रचना परीक्षेबाहेरही वाजवता येते, आणि तिथे ती अधिक सुखाने वाजते.

काळीपांढरी

मी मूळची नागपूरची, आता पुण्यात राहते. ही परीक्षा मी दोनदा दिली आहे, म्हणून लिहिते.

पहिल्या वेळी शूमानचा जी मायनर सोनाटा (ओपस २२) घेतला होता. त्याच्या पहिल्या भागावर शूमानने ‘शक्य तितके जलद’ अशी सूचना लिहिली आहे, आणि त्याच भागाच्या शेवटाकडे ‘अधिक जलद’, मग ‘आणखी जलद’ असेही लिहिले आहे. हे सर्वांना माहीत असते, मलाही माहीत होते. तरीही परीक्षेच्या खोलीत छातीत धडधड असताना मी पहिले मापच माझ्या खरोखरच्या ‘शक्य तितक्या’ लयीत सुरू केले, आणि पुढे वाढवायला काही उरले नाही. मी अनुत्तीर्ण झाले. परीक्षकांच्या शेऱ्यात वेगाविषयी तक्रार नव्हती. उमेदवार स्वतःचे वादन ऐकत नव्हती, अशा अर्थाचे वाक्य होते. ते वाचून मी बरेच दिवस पियानोचे झाकण उघडले नाही.

दुसऱ्या वेळी ब्राम्सच्या ओपस ११८ मधील पहिले तीन तुकडे घेतले. ही सहा तुकड्यांची मालिका १८९३ सालची, ब्राम्सच्या शेवटच्या वर्षांतली, क्लारा शूमानला अर्पण केलेली. त्यात वेग फारसा नाही, पण लपायलाही जागा नाही. ए मेजर इंटरमेझ्झोमध्ये वरची धून, मधला आवाज आणि खालचा स्वर हे तीन वेगवेगळ्या वजनांनी वाजले नाहीत, तर सगळे एक गोड धुके होऊन बसते. मला मधला आवाज ऐकू यायलाच चार महिने लागले.

फुटाळाकाठ, तुमच्या हाताविषयी वाचले म्हणून सांगते: तिसऱ्या तुकड्यातले, म्हणजे ब्राम्सच्या जी मायनर बॅलाडमधले, भरलेले कॉर्ड लहान हाताला फार थकवतात, आणि दुसऱ्या तुकड्यात काही ठिकाणी ताण नऊ पट्ट्यांच्या पलीकडे जातो. कॉर्ड मोडून, खालून वर ओघळवत वाजवता येतात, पण प्रत्येक ठिकाणी ओघळवल्यास ब्राम्सचा कणा राहत नाही. माझा आवाका दहाचा आहे, तरी मला जड गेले.

लाकूडतार

वाद्याविषयी कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. मी व्यवसायाने ट्यूनर नाही. घरच्या अपराइटची (उभ्या पियानोची) देखभाल वीस वर्षे स्वतः करतो आहे, आणि नागपुरात ती करावीच लागते.

आपल्याकडे मे महिन्यात दुपारी हवेतील आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास उतरते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ऐंशीच्या वर जाते. पियानोच्या लाकडाला चाळीस ते साठ टक्क्यांच्या दरम्यानची स्थिर हवा मानवते. कोरड्या हवेत साउंडबोर्ड (तारांचा आवाज वाढवणारी लाकडी फळी) आकसून सूर उतरतो, पावसाळ्यात तो फुगून सूर चढतो आणि पट्ट्या एकमेकींना घासू लागतात. त्यातून आपले कूलर. नवतपात कूलर लावलेल्या खोलीत पियानो असेल, तर दिवसा ओल, रात्री कूलर बंद झाल्यावर कोरड, असा चढउतार त्या लाकडाला रोज सोसावा लागतो. ग्रँडच्या खोलीत कूलर असेल तर पट्ट्यांचा स्पर्श दर शनिवारी थोडा वेगळा लागेल, आणि तो दोष आपल्या बोटांचा आहे असे समजून तुम्ही खचाल. तसे समजू नका.

आता रचनेच्या निवडीशी याचा संबंध. अपराइटमध्ये पट्टी बरीचशी वर आल्याशिवाय हातोडी पुन्हा मारत नाही. ग्रँडमध्ये दुहेरी सुटकेच्या यंत्रणेमुळे पट्टी अर्धी वर आली तरी स्वर पुन्हा वाजतो. डिजिटलचा स्पर्श कंपनीगणिक बदलतो. म्हणून ज्या रचनेत एकच पट्टी झपाट्याने पुन्हा पुन्हा दाबायची असते ती घरी एक वाटते आणि परीक्षेत दुसरी. डाव्या पेडलचेही तसेच: ग्रँडमध्ये सगळा हातोड्यांचा संच बाजूला सरकून तीनऐवजी दोन तारांना मारतो आणि आवाजाचा रंग बदलतो, अपराइटमध्ये हातोड्या फक्त तारांच्या जवळ येतात आणि आवाज थोडा कमी होतो, रंग तोच राहतो. जी रचना पेडलच्या रंगावरच उभी आहे, तिचा रियाज आठवड्यातून दीड तासात होणार नाही. या दृष्टीने शूमान आणि ब्राम्स तुम्हाला महाग पडतील. मेंडेल्सन तुलनेने बोटांच्या स्पष्टतेवर उभा आहे आणि डिजिटलवरही त्याचे बरेचसे काम प्रामाणिकपणे होऊ शकते.

उत्तरअंबाझरी

मेंडेल्सनचे नाव निघाले, बरे झाले.

‘व्हेरिएशन्स सेरियूज’ १८४१ सालचे आहे. बॉनमध्ये बीथोव्हेनचा पुतळा उभारायचा होता, त्याच्या निधीसाठी व्हिएन्नाच्या एका प्रकाशकाने अनेक संगीतकारांच्या पियानो-रचनांचा एक अल्बम काढला, आणि त्यासाठी मेंडेल्सनने हे लिहिले. (शोपाँचे ओपस ४५ हे सुटे प्रेल्यूडही त्याच अल्बममधले. पुतळ्याचे अनावरण १८४५ साली झाले.) त्या काळात नामवंत ऑपेरातल्या धुनींवर ‘ब्रिलियंट’ (झगमगीत) व्हेरिएशन्स, म्हणजे एकाच धुनीची बदलती रूपे, लिहून टाळ्या मिळवण्याची प्रथा होती. मेंडेल्सनने शीर्षकातच ‘गंभीर’ हा शब्द घालून आपण त्या वाटेचे नाही, हे सांगून टाकले.

सोळा मापांची डी मायनरमधली धून, तिच्यावर सतरा व्हेरिएशन्स, आणि शेवटी प्रेस्टो. वेळ अकरा-बारा मिनिटे. ऑक्टेव्हच्या आवाक्यात जवळजवळ सगळे बसते. माझ्या मते या चौघांत तुमच्या परिस्थितीला हीच रचना सर्वाधिक जुळते.

महालवाला

परिस्थितीला जुळते हे मान्य. पण मेंडेल्सन मला नेहमी नीटनेटका, सुशिक्षित आणि काहीसा कोरडा वाटतो. बॅलाड ऐकून चौदा वर्षांच्या मुलीने पियानो न सोडण्याचे ठरवले; ‘व्हेरिएशन्स सेरियूज’ ऐकून कोणी असे ठरवेल का?

सदरकर

महालवाला, आपण चौदावे व्हेरिएशन पुन्हा एकदा ऐकावे, अशी माझी विनंती आहे. तेरा व्हेरिएशन्स डी मायनर सोडत नाहीत. दहाव्यात फ्यूगसारखे आवाज एकामागून एक येऊन ती धून अधिकच आवळतात, बाराव्यात बळ एकवटते, तेराव्यात धून मधल्या आवाजात शिरते आणि तिच्याभोवती हलके तुटक स्वर पडत राहतात. आणि मग चौदाव्यात पहिल्यांदाच डी मेजर येतो, अडाजिओ, म्हणजे संथ. तिथे काहीच अवघड नाही. पण आधीची तेरा ज्याने मनापासून वाजवली, त्याच्या हाताखाली ती दोन ओळींची शांतता अशी उघडते की मी इतक्या वर्षांत तिथे विद्यार्थ्याला कधी थांबवून सूचना देऊ शकलेलो नाही. हा कोरडेपणा नाही. हे मोजून ठेवलेले दुःख आहे, आणि मोजून ठेवल्यामुळे ते हलके होत नाही.

मंद्रसप्तक

मी पियानोवादक नाही. कंठसंगीतात विशारद केले आहे आणि पाश्चात्त्य संगीत केवळ श्रोता म्हणून ऐकते. तरी सदरकरांचे वाचून लिहावेसे वाटले.

आमच्याकडे परीक्षेत बडा ख्याल निवडताना हाच पेच पडतो. राग आवडीचा असतो, पण त्या रागात आपली बढत (रागाचा विस्तार) किती मिनिटे टिकते, हा वेगळा प्रश्न असतो. माझा जीव दरबारीत होता. गुरुजींनी मला यमन गायला लावला. मला तेव्हा फार वाईट वाटले, कारण यमन सगळेच गातात. त्यांचे म्हणणे असे की दरबारीत तुझा गंधार आंदोलनात स्थिर नाही, आणि तो एक स्वर चुकला तर राग उरत नाही. यमनमध्ये तुझी तयारी आहे, तेव्हा तिथे तुला विचार करायला मोकळीक मिळेल. परीक्षेत मी यमन गायले आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा जाणवले की गाताना मी पुढच्या जागेची काळजी करत नव्हते, हातातल्या स्वराकडे पाहत होते. दरबारी मी त्यानंतर सहा वर्षांनी एका घरगुती बैठकीत गायले.

एकाच धुनीवर सतरा वेळा नव्याने बोलणे, हे तर मला बढतीच्या फारच जवळचे वाटते. प्रत्येक वेळी मुखड्याशी नाते ठेवून पुढे जायचे.

शून्यमैल

बाहेरचा एक पर्याय सुचवू का? क्लारा शूमानचे ओपस २०, रॉबर्ट शूमानच्या धुनीवरचे व्हेरिएशन्स, एफ शार्प मायनर. १८५३ साली तिने ते रॉबर्टच्या वाढदिवसाला, ८ जूनला, त्याला भेट दिले. पुढच्या वर्षी ब्राम्सने त्याच धुनीवर आपले ओपस ९ लिहिले. सात व्हेरिएशन्स, दहा-अकरा मिनिटे. कमी वाजवले जाते, त्यामुळे परीक्षकाच्या कानात दहा थोर वादकांचे ध्वनिमुद्रण आधीच घुमत नसते.

काळीपांढरी

फार सुंदर रचना आहे, आणि शेवटचे व्हेरिएशन तर डोळ्यांत पाणी आणते. मात्र यादीबाहेरची रचना घ्यायची असेल तर परीक्षा मंडळाची मंजुरी आधी घ्यावी लागते आणि तिला वेळ लागतो. फुटाळाकाठ, चालू वर्षाचा अभ्यासक्रम स्वतः उघडून प्रत्येक रचनेचा क्रमांक, पाठभेद आणि ‘संपूर्ण’ की ‘निवडक’ हे तपासा. माझ्या ओळखीच्या एका मुलाने जुन्या यादीवरून संच बसवला आणि ऐन वेळी त्याला एक रचना बदलावी लागली.

ग्रीगचा ई मायनर सोनाटा (ओपस ७, १८६५) हाही लहान हाताला मानवणारा पर्याय आहे, पण तो वीस मिनिटांच्या आसपास जातो आणि मग हायडनला निरोप द्यावा लागेल.

फुटाळाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. हायडन सोडण्याची इच्छा नाही, त्यामुळे ग्रीग बाजूला ठेवते. ब्राम्सविषयी काळीपांढरी यांनी लिहिले ते माझ्या हाताला आधीच कळले होते, फक्त मान्य करायचे नव्हते.

विदर्भएक्सप्रेस

मी परीक्षेसाठी मुंबईला तीन वेळा गेलो आहे, म्हणून एक व्यवहाराची गोष्ट. रात्रीच्या गाडीने निघून सकाळी उतरायचे आणि दुपारी परीक्षेला बसायचे, असे करू नका. एक दिवस आधी पोहोचा. माझ्या पहिल्या परीक्षेत गाडी चार तास उशिरा पोहोचली, हात धुवायला वेळ मिळाला नाही आणि अनोळखी ग्रँडवर दोन मिनिटेसुद्धा हात फिरवता आला नाही. माझी रोमँटिक रचना मोठ्या आवाजात सुरू होणारी होती. त्या वाद्याचा आवाज माझ्या अंदाजाच्या दुप्पट निघाला आणि मी स्वतःच दचकलो. तेव्हापासून मी रचना निवडताना तिची पहिली आठ मापे पाहतो. मेंडेल्सनची धून मध्यम आवाजात, सलग, चार आवाजांत चालते; तेवढ्यात वाद्याची ओळख होते. बॅलाडचे पहिले वाक्यही त्या दृष्टीने चांगले आहे, हे महालवाला यांच्या बाजूने सांगतो.

सदरकर

हा मुद्दा मला चाळीस वर्षांत कोणी सांगितला नव्हता. पुढच्या विद्यार्थ्यांसाठी लिहून ठेवतो.

आणखी एक. बाख जी मायनरमध्ये आहे. बॅलाडही जी मायनरमध्येच. चाळीस मिनिटांच्या कार्यक्रमात दोन लांबच्या काळातील रचना एकाच स्वरात ठेवणे हा दोष नाही, कोणी तसे मुद्दाम करूही शकतो, पण मग कार्यक्रमाच्या टिपणीत त्याचे कारण सांगता आले पाहिजे.

महालवाला

सदरकर सर, तुमच्या सांगण्यावरून काल रात्री तेरावे आणि चौदावे व्हेरिएशन चार वेळा ऐकले. ‘कोरडा’ हा शब्द मी मागे घेतो. बॅलाडविषयीचे मत मात्र कायम आहे.

फुटाळाकाठ
(१२ मे)

दोन शनिवार गेले. सदरकर सरांनी सांगितलेली कसोटी घेतली, ती जशी झाली तशी लिहिते.

पहिल्या शनिवारी आदल्या रात्री महिनाअखेरच्या कामामुळे चार तासांचीच झोप झाली होती, त्यामुळे दिवस कसोटीला योग्य होता. बॅलाडचा कोडा मी गेल्या वर्षभरात अधूनमधून बसवला आहे आणि घरी डिजिटलवर तो थोड्या संथ लयीत येतो. ग्रँडवर थेट २०८व्या मापापासून तीनदा सुरू केला. पहिल्यांदा डाव्या हाताची उडी चुकली आणि मी थांबले. दुसऱ्यांदा शेवटपर्यंत गेले, पण उजव्या हाताचे अर्धे स्वर वाजलेच नाहीत. तिसऱ्यांदा पाऊण वाटेवर कोपरापर्यंत हात भरून आला. मोबाइलवर ध्वनिमुद्रण केले होते. ते ऐकल्यावर कळले की तिन्ही वेळा पहिल्याच मापात मी श्वास रोखून धरलेला आहे.

दुसऱ्या शनिवारी मेंडेल्सन. बाईंनी मला सहा वर्षांपूर्वी हे अर्धे शिकवले होते, त्यामुळे पूर्ण नवखे नव्हते. आठवे, नववे, सोळावे आणि शेवटचा प्रेस्टो ही माझी अवघड पाने. प्रेस्टो आज येत नाही, हे खरे. पण तो जिथे बिघडतो तिथे का बिघडतो, ते मला दाखवता येते: दोन ठिकाणी बोटांची योजना चुकीची आहे आणि एका ठिकाणी डावा हात वाचलेलाच नाही. बॅलाडच्या कोड्यात काय बिघडते ते मला अजून सांगता येत नाही. हा फरक मला निर्णायक वाटला.

मंद्रसप्तक ताई, तुमच्या गंधाराविषयी वाचून मी रात्री बराच वेळ बसून होते. माझाही जीव बॅलाडमध्येच आहे आणि तो तिथून हलणार नाही. फक्त नोव्हेंबरमध्ये मी ते वाजवणार नाही. मेंडेल्सन घेते आहे. बाईंना काल फोन केला. त्यांनी “बरं,” एवढेच म्हटले आणि लगेच कोणती आवृत्ती वापरायची ते सांगू लागल्या, म्हणजे त्यांच्या मनात हेच असावे.

आता एक प्रश्न उरतो. ही रचना मंद आवाजात संपते. मग ती शेवटी ठेवावी की मध्ये?

उत्तरअंबाझरी

मध्ये. बाख, हायडन, मेंडेल्सन, देब्युसी. देब्युसीचा तो पाऊस शेवटी ई मेजरमध्ये लख्ख उघडतो. कार्यक्रमाचा शेवट त्याच्यावर होऊ द्या. हायडननंतर मात्र अर्धा मिनिट हात मांडीवर ठेवून बसा. ई फ्लॅट मेजरचा उत्साह बोटांत राहिला तर मेंडेल्सनची धून फार उजळ सुरू होते.

सदरकर

क्रम योग्य आहे. व्हेरिएशन्स मात्र सुटी सुटी बसवून मग जोडू नका. दोन व्हेरिएशन्समधली जागा हा स्वतंत्र धडा समजा: आधीच्याची शेवटची दोन मापे आणि पुढच्याची पहिली दोन, एवढेच घेऊन सतरा जोड रोज फिरवा. परीक्षेत स्मरण नेहमी जोडावर तुटते. आणि लयी आताच लिहून ठेवा, प्रत्येकाची, आकड्यात. पहिल्या पानावर धीर धरला नाही, तर सोळाव्यात वेग कुठून आणणार?

काळीपांढरी

हे वाक्य मला दहा वर्षांपूर्वी कोणी सांगायला हवे होते.

महालवाला

ताई, निर्णयाबद्दल अभिनंदन, आणि हे मी मनापासून लिहितो आहे. परीक्षा झाल्यावर बॅलाडची पहिली दोनशे मापे ऐकायला मात्र मी येणार. कोडा तुम्हाला वाटेल तेव्हा.

लाकूडतार

माझ्या धरमपेठेतील घरी अपराइट आहे, मागच्या आठवड्यातच सुरात आणला आहे. वाद्य ग्रँडसारखे नाही, पण खऱ्या हातोड्या आणि खऱ्या तारा आहेत, आणि शनिवारच्या दीड तासापेक्षा ते अधिक मिळू शकेल. मंगळवार आणि गुरुवार संध्याकाळी सहानंतर माझी पत्नी आणि मी घरीच असतो. तुम्हाला चालणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पत्ता कळवतो. बाईंनाही सोबत आणा. पियानोच्या खोलीत आम्ही कूलर लावत नाही, तेव्हा जूनपर्यंत उकाडा सोसावा लागेल. पंखा आणि माठातले पाणी आहे.

फुटाळाकाठ

व्यनि केला आहे. गुरुवारी बाई आणि मी दोघी येतो.